आधी सँडो, मग सूर्यनमस्कार

सूर्यनमस्कार म्हटले की समर्थ रामदासांचे नाव आपसूक ओठांवर येते. परंपरेचा मान ठेवूनही एक गोष्ट सांगायला हवी. आज शाळांच्या मैदानांवर आणि योगवर्गांत नमस्कार घातले जातात, ते सार्वजनिक व्यायाम म्हणून रुजवण्याचे मोठे श्रेय सातारा भागातल्या औंध या चिमुकल्या संस्थानाच्या अधिपतींकडे जाते. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा, गादीवर आले १९०९ साली. चित्रकलेचे दर्दी, स्वतः चित्रकार, आणि राजा असूनही कीर्तनाला उभे राहणारे गृहस्थ!

पण या नमस्कारभक्ताची सुरुवात झाली होती ती युजेन सँडोपासून. प्रशियात जन्मलेला हा बलदंड मल्ल तेव्हा जगभर गाजत होता. त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने टपालाने देशोदेशी जात. १८९७च्या सुमारास बाळासाहेबांनी ती मागवली आणि त्याच्या पद्धतीने व्यायाम सुरू केला. किती दिवस? तब्बल दहा वर्षे, नियमाने.

मला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटतात ती हीच दहा वर्षे. पुढे मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते १९०८च्या सुमारास सूर्यनमस्कारांकडे वळले, ही गोष्ट बहुतेक चरित्रपर लेखांत येते. सँडोची दहा वर्षे मात्र एका वाक्यात उरकली जातात. वास्तविक रोज ठरल्या वेळी उठून अंग हलवायची सवय त्या काळातच पक्की झाली असणार. व्यायाम बदलला, सवय तीच राहिली. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून होळीपर्यंत गळणाऱ्या आपल्या मंडळींनी हा हिशेब जरूर पाहावा.

यात शरीराचीही एक गंमत आहे. नवा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढल्यासारखा वाटतो. तो वाढतोही, पण मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू भरायला महिने लागतात, त्यांना हाडांशी जोडणारे कंडर त्याहून सावकाश बळकट होतात. सुरुवातीचा भर ओसरला की माणसाला वाटते, आता काही होत नाही. खरे तर आतले काम तेव्हा चालूच असते. जुन्या तालमीतले वस्ताद पोराला एकदम शेकड्याने जोर मारू देत नसत, रोज थोडे थोडे वाढवायला लावत. त्यांना ही परिभाषा ठाऊक नव्हती, अनुभव मात्र होता.

नमस्काराचा गुण असा, की त्याला साधन लागत नाही. सतरंजीएवढी जागा पुरते, प्रवासातही खंड पडायचे कारण नाही. पुढे बाळासाहेबांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. इथे माझे मत थोडे वेगळे आहे. राजाच्या हुकमाने हजेरी भरते, गोडी लागतेच असे नाही. त्यांच्या प्रचारात खरा जोर होता तो त्यांच्या स्वतःच्या देहाचा. साठीनंतरही ते नमस्कार घालत होते आणि लोकांना ते दिसत होते.

हा लौकिक विलायतेपर्यंत पोचला. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखक सत्तरीत पोचले होते. त्या पुस्तकाच्या नावातच दहा आकडा आहे, कारण त्यांच्या नमस्कारात दहा अवस्था होत्या. आज आपण सर्रास बारा मोजतो आणि तेच प्राचीन समजतो, हेही गमतीचेच.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, १९५१ मध्ये बाळासाहेब गेले. शाळेतली सक्ती संस्थानाबरोबर संपली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले. १९७० साली त्यांनीही एक इंग्रजी पुस्तक लिहिले. तेव्हा ते साठीकडे झुकले होते आणि पुस्तकाचा विषय होता सूर्यनमस्कार.