कामराजनगरचा दावा

‘साहेबाचा हुकूम निघाला, आता काय बोलायचं?’ हे गटाच्या बैठकीत आपण किती वेळा ऐकतो! म्हणून आज आमच्या अंधेरीच्या शेजारची एक गोष्ट.

विलेपार्ल्याला पश्चिम द्रुतगती महामार्गालगत कामराजनगर ही वस्ती होती. १९६० च्या सुमारास पाण्याचे नळ टाकायला आलेल्या मजुरांनी ती वसवलेली. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फूटपाथवरच्या सगळ्यांना उठवून आपापल्या गावी धाडणार. तेही भर पावसाळ्यात! वस्तीवाले हायकोर्टात गेले. १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही, असं तिथे ठरलं. तरी २३ जुलैला आम्हाला एसटीत कोंबलं, अशी त्यांची तक्रार होती.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ते ओळखलं जातं. अर्जदारांत संगमनेरचा एक चांभार होता. गावाकडचं घर पडलं म्हणून मुंबईत आलेला, बदली कामगार. फूटपाथवरच्या जागेसाठी त्याने गुंडाला ३०० रुपये मोजले होते.

महापालिका म्हणाली, फूटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्हाला नाही, असं यांनी हायकोर्टात कबूल केलंय, आता बोलता येणार नाही. कोर्टाने ते मानलं नाही. राज्यघटनेने दिलेला हक्क अशा कबुलीने जात नाही. कागद न वाचता अंगठा उठवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे दोनदा ऐकावं. (म्हणून न वाचता सही करा असं नव्हे हं!)

१० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड आणि चार न्यायाधीशांनी निकाल दिला. जगण्याच्या हक्कात रोजीरोटी आली. पालिकेचा कायदा नोटीस न देता अतिक्रमण काढू देतो, पण तसं केलंच पाहिजे असं म्हणत नाही. एरवी आधी नोटीस द्यावी, माणसाचं ऐकून घ्यावं.

मात्र खटला जिंकला असं आम्ही म्हणणार नाही. तो कायदा कायम राहिला. कामराजनगर रस्त्यावर आहे म्हणून त्यालाही संरक्षण मिळालं नाही. मिळाली ती मुदत, पावसाळा उलटून ३१ ऑक्टोबरपर्यंत.

तुमच्या गावात नाव कापलं, घर पाडायला आले, तर आधी लेखी हुकूम मागा. अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते विचारा, उत्तर लेखी द्या, पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही तर घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची भीती वाटते ना? बाईला, तिची मिळकत कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मागता येतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती विचारा.