खलिता ते गिफ्ट रॅप

परवा शनिवारी आजीसाठी शाल आणली. खोपट एसटी स्टँडजवळून चमचमता गिफ्ट पेपरही घेतला. तो दोनदा फाटला, सेलोटेप बोटांना चिकटली. म्हणे इंजिनिअर! शेवटी आईने कपाटातून जुना खण काढला, शाल मध्ये ठेवली, समोरासमोरची टोकं बांधली. झालं काम.

मग डोक्यात किडा वळवळला: हा गिफ्ट पेपर आला कुठून?

1917 साली अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये हॉल बंधूंच्या दुकानात ऐन ख्रिसमसला टिश्यू पेपर संपला. त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद विकायला काढला आणि तो हातोहात खपला. हेच पुढे 'हॉलमार्क' झाले. म्हणजे ही फॅशन जेमतेम शंभर वर्षांची!

आपल्याकडे मान कापडाचा. राजेरजवाड्यांची पत्रं किनखापाच्या थैलीतून जात. ती थैली म्हणजे खलिता. मूळ अरबी शब्दाचा अर्थच पिशवी. पुढे आतल्या पत्रालाच लोक खलिता म्हणू लागले. जपानमध्ये अशा बांधायच्या कापडाला फुरोशिकी म्हणतात. 2006 साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी कचरा कमी व्हावा म्हणून त्याचा प्रचार केला होता.

असो. रविवारी आजीने गाठ सोडली, शाल बाजूला ठेवली आणि खणावरून हात फिरवत राहिली.

"तुझी आई लग्न होऊन आली ना, तेव्हा मीच हा तिच्या ओटीत घातला होता रे."

आई काहीच बोलली नाही. मला हे ठाऊकच नव्हतं.

शाल अजून घडीतच आहे. खण मात्र आजीच्या उशाशी.