सैर : माळेगावच्या जत्रेपासून रामोजीपर्यंत

नांदेड-लातूरकडच्या कुणालाही विचारा, हैदराबादला पहिल्यांदा कशासाठी गेलात? बहुतेकांची उत्तरं ठरलेली आहेत. दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, नाहीतर कुणाच्या मयतीला. पिढ्यान्‌पिढ्या जी आपली राजधानी होती, तिथे नुसतं फिरायला, मजा करायला गेलो होतो असं सांगणारी जुनी माणसं मला फार कमी भेटली. आमच्या घरात हे उत्तर पहिल्यांदा आलं ते 2004 साली, रामोजी फिल्म सिटीमुळे. ही एका कुटुंबाच्या सहलीची गोष्ट आहे. पण मी इतिहासाच्या नादातली बाई, त्यामुळे थोडं मागून सुरू करते.

मागून म्हणजे जत्रेपासून. माळेगाव म्हटलं की बाहेरच्यांना नाशिकचं मालेगाव आठवतं. आमचं माळेगाव नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं. मार्गशीर्षात तिथे घोडे, उंट, गाढवं यांचा मोठा बाजार भरतो, तमाशाचे फड लागतात, रहाटपाळणे फिरतात, मौत का कुआँमधली मोटारसायकल घरघरते. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा असते. कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. देवाचं नाव वेगळं आणि पीराचं वेगळं, पण पाळणा तोच, गोडीशेव तीच, आणि पाळण्यात बसून किंचाळणारी पोरंही दोन्हीकडची.

जत्रेला दार नसतं. चारी वाटांनी माणूस आत येतो. खिशात दमडी नसली तरी दिवसभर हिंडता येतं, उजेड बघता येतो, दुसऱ्याचं पोर पाळण्यात बसलेलं बघता येतं. पैसे लागतात ते त्या-त्या पाळण्याचे.

बायकांची गोष्ट मात्र निराळी. आमच्याकडे ‘सैर’ हा शब्द पुरुषांचा. बायका सैरला जात नसत, त्या झियारतीला जात. उरसात गलफ चढवायचा, फातिहा द्यायची, आणि मग परत येताना वाटेतच असलेल्या बांगड्यांच्या दुकानात तासभर थांबायचं. हिंदू शेजारणींचंही फारसं वेगळं नव्हतं. त्या दर्शनाला जात आणि पाळण्यात बसून येत. मौजेला धर्माची ओढणी घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नव्हतं.

उघडउघड सैर म्हणून जायची जागा हैदराबादने 1938 साली काढली. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधर मंडळींनी बाग-ए-आममध्ये एक प्रदर्शन भरवलं, ‘नुमाइश मस्नुआत-ए-मुल्की’, म्हणजे मुलखात तयार होणाऱ्या मालाचं प्रदर्शन. उद्घाटनाला खुद्द निजाम मीर उस्मान अली खान आले होते. जेमतेम शंभरेक स्टॉल होते. हेतू गंभीर होता, स्थानिक उद्योगाला गिऱ्हाईक मिळवून देण्याचा. पण लोक जमले की खाणं येतं, खेळ येतात, झोके येतात. 1946 मध्ये प्रदर्शन नामपल्लीच्या मोठ्या मैदानावर गेलं आणि आजही दर वर्षी जानेवारी लागला की तिथे नुमाइश भरते. तिच्या उत्पन्नातून एक्झिबिशन सोसायटी शाळा-कॉलेजं चालवते, त्यांत मुलींचं सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालयही आहे. पाळण्यांच्या पैशांतून मुलींचं कॉलेज! शिक्षिका म्हणून हा हिशेब मला फार आवडतो. नुमाइशीत एक दिवस फक्त बायकांचा ठेवायची रीतही आहे.

माझी दादी या नुमाइशीला गेली होती. तिचं माहेर उदगीर. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. विकाराबाद-परळी रेल्वेलाइन गावावरून जात असल्याने उदगीरकरांना हैदराबाद जवळचं वाटे. लातूर शहराचं तसं नव्हतं. तिथे बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी, ती कुर्डुवाडीच्या दिशेने जायची. हैदराबादची गाडी धरायला लातूर रोड गाठावं लागे. दादीच्या वडिलांनी तिला दहा-अकरा वर्षांची असताना, नुमाइश नामपल्लीला आली त्या साली, सोबत नेलं. तिला आठवायचं ते एवढंच : विजेचे दिवे, बर्फाचा लाल गोळा, आणि बुरखा डोक्यावरून मागे टाकून मोकळ्या फिरणाऱ्या बायका.

पुढच्या दोन वर्षांत सगळं बदललं. रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर जुलूम केले. त्यांचा नेता कासिम रझवी लातूरला वकिली करणारा, म्हणजे आमच्याच मातीतला, हे लपवून चालणार नाही. रझाकारांविरुद्ध लिहिणारे पत्रकार शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला, तेही मुसलमानच होते. मग सप्टेंबरमध्ये पोलीस अ‍ॅक्शन झालं आणि पाठोपाठ सूड सुरू झाला, तो बऱ्याचदा ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यावर. भारत सरकारने पाहणीला पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून चार जिल्हे सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा तेव्हा काही उस्मानाबादेत, काही बीदरमध्ये होता. समितीचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

दादीच्या घरातलं कोण गेलं, हे ती सांगत नसे. मी विचारलंही, पण ती विषय स्वयंपाकावर न्यायची. तिचे एक चाचा हैदराबादला पळाले आणि तिथलेच झाले एवढं कळलं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. राजधानी पश्चिमेला सरकली आणि हैदराबाद दुसऱ्या राज्यातलं शहर झालं. दादी त्यानंतर तीन-चारदा गेली, दवाखान्यात आणि मयतीला. एकदा अब्बा तिला चारमिनार दाखवायला घेऊन गेले तेव्हा ती रिक्षातून उतरलीच नाही म्हणे.

मधल्या काळात मौजेला तिकिटाचं दार बसलं होतं. अमेरिकेत 1955 साली डिस्नेलँड उघडलं. आपल्याकडे दिल्लीत 1984 मध्ये अप्पू घर आलं, एशियाडच्या हत्तीच्या पिल्लाचं नाव घेऊन. 1989 मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं. त्याची जाहिरात टीव्हीवर बघून आमच्या गल्लीतली सगळी पोरं ती म्हणायची, पण मुंबईला जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि तिथे उतरायचं कुणाकडे? हैदराबाद साधारण निम्म्या अंतरावर, आणि तिथे प्रत्येकाचा कुणीतरी मामू किंवा खाला.

त्या हैदराबादेत, हयातनगरच्या पुढे विजयवाडा रस्त्यावर, रामोजी राव यांनी 1996 मध्ये फिल्म सिटी उभी केली. क्षेत्रफळ 1,666 एकर. जगातलं सर्वांत मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. मूळ काम सिनेमाच्या शूटिंगचं, पण लोकांना तिकीट लावून दाखवायचं हीही मोठी कमाई. मराठवाड्याचा तिच्याशी आणखी एक धागा जुळला, तो फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. 2000 साली ई टीव्ही मराठी सुरू झालं आणि त्याच्या बातम्या याच फिल्म सिटीतून प्रसारित होत. आमच्या भागातली कितीतरी पोरं तिथे बातमीदार, संपादक म्हणून गेली. नरहर कुरुंदकर ज्या शहरात शिकायला गेले होते, त्याच शहरातून अर्ध्या शतकाने मराठवाड्याची पोरं महाराष्ट्राला मराठीत बातम्या देत होती. आमच्या गल्लीतला असाच एक मुलगा ईदला घरी आला की फिल्म सिटीच्या गोष्टी सांगायचा. आमच्या सहलीचं बी त्याने पेरलं.

आता सहल. मी नुकतंच बी.एड. करून नोकरीला लागले होते. घरात अकरा माणसं. जत्रेला निघताना कुणी माणसं मोजत नाही. पार्कला निघताना मोजावी लागतात, कारण तिकीट माणशी असतं आणि दारातच द्यावं लागतं. त्या रात्री अब्बा कागद-पेन घेऊन बसले. लहान भाऊ, दोन चचेरे भाऊ, चाचा-चाची, मी, आणि दादी. अब्बांनी स्वतःचं नाव खोडलं, दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून. अम्मीचं नाव तर त्यांनी लिहिलंच नव्हतं. भाभीला महिनाभराचं बाळ होतं, घरी कुणीतरी लागणार होतं. अम्मीने त्यावर काही म्हटलं नाही. तिने रात्रभर बसून आमच्यासाठी कोफ्ते केले.

दादीला न्यायचं की नाही यावर वाद झाला. गुडघे दुखतात, पाळण्यात बसणार नाही, मग तिकीट वाया कशाला? चाचा म्हणाले ते हिशेबाने बरोबर होतं. पण लातूरची खाला, जी आम्हाला देगलूरला येऊन मिळणार होती, तिने फोनवर सांगितलं, अम्मांना आणत नसाल तर मीही येत नाही. झालं.

ट्रॅक्स ठरवून निघालो. देगलूर ओलांडून मदनूर लागलं की पाट्या तेलुगू होतात. दादी उर्दूत लिहिलेली एखादी पाटी दिसते का ते बघत होती. रात्री मलकपेटला त्या पळून आलेल्या चाचांच्या नातवाकडे मुक्काम केला.

फिल्म सिटीत आपली गाडी बाहेर ठेवायची आणि त्यांच्या बसमधून फिरायचं. बसमधला गाइड दाखवत जातो. हे विमानतळ. बस वळली की तीच इमारत दवाखाना. आणखी वळली की आणखी काहीतरी. एकेका इमारतीला चारी बाजूंनी वेगळा चेहरा. रेल्वे स्टेशन आहे, तिथून गाडी कुठेच जात नाही. लंडन स्ट्रीट आहे, तुरुंग आहे, मुघल गार्डन आहे. दादीने उतरल्यावर एका दगडी खांबावर बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला. ती म्हणाली, “अगे, ये तो डब्बा है!” आणि अशी हसली की पुढचे लोक वळून बघायला लागले. मग ती प्रत्येक खांब वाजवत चालली. महाल वाजवला, मंदिर वाजवलं, लंडन वाजवलं. वाइल्ड वेस्टच्या स्टंट शोमध्ये गोळ्या सुटल्या, माणूस छपरावरून पडला, तेव्हा मला वाटलं ती घाबरेल. तिने शेंगदाणे सोलत पूर्ण खेळ बघितला आणि पडलेला माणूस उठून सलाम करायला आला तेव्हा टाळ्या वाजवल्या.

इतिहासाच्या शिक्षकांना, मीही त्यातच, या नकली किल्ल्या-महालांचा राग येतो. कंधारचा अस्सल किल्ला आमच्या तालुक्याच्या गावी उभा आहे, राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा. उदगीरचा आहे, जिथे 1760 साली मराठ्यांनी निजामाला हरवलं. औशाचा आहे. तिथे पोरांना न्यायचं सोडून पैसे देऊन प्लास्टर बघायला जायचं? हा राग माझा अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण दादीच्या बाबतीत मला तो लागू करता येत नाही. चारमिनारच्या प्रत्येक दगडाला तिच्या लेखी काहीतरी चिकटलेलं होतं. उदगीरच्या किल्ल्याखालच्या गल्ल्या तर ती नावानेही घेत नसे. रामोजीत कुणाचंच काही घडलेलं नव्हतं. तिथे कुणी राज्य केलं नव्हतं, तिथून कुणी पळालं नव्हतं. जिथे पडलेला माणूस उठून सलाम करतो, अशी हैदराबादजवळची ती एकच जागा होती.

परतताना मलकपेटच्या भावाने विचारलं, आपा, कैसा लगा? दादी म्हणाली, “नुमाइश जैसा. बर्फ का गोला नहीं मिला, बस.”

2009 मध्ये दादी गेली. अम्मी रामोजीला गेली ती 2019 मध्ये, माझ्या शाळेच्या सहलीबरोबर, माझा हट्ट म्हणून. तोवर ‘बाहुबली’चा सेट तिथलं मोठं आकर्षण झाला होता. अम्मीला त्यात फार रस नव्हता. ती बागेत बसली आणि दोन तास कुणासाठी काही रांधायचं नाही या गोष्टीचा तिने मनापासून आनंद घेतला, असं तिनेच सांगितलं.

आता दर हिवाळ्यात मी मुलींची सहल नेते. पालकांना पटवायला पूर्वी घरोघरी जावं लागायचं, पडद्याचा प्रश्न निघायचा. तो आता जवळजवळ निघत नाही. माझ्याकडे एक जुनी वही आहे, तिच्यात मी न आलेल्या मुलींची नावं आणि कारणं लिहून ठेवते. ‘घरी लहान भाऊ आहे, कोण बघणार’ हे कारण वीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. बाकीची कारणं पैशांची. यंदाचा बेत आधी कंधारचा किल्ला, मग मुक्कामाला हैदराबाद आणि दुसऱ्या दिवशी रामोजी असा आहे. चौदा नावं अजून तिकिटावर अडलेली आहेत, आणि एसटीचे पैसे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरायचे आहेत.