लेस
युनिक्स-लिनक्सच्या टर्मिनलवर मजकुराची फाइल पडद्यागणिक दाखवणारा प्रोग्रॅम (पेजर). डॅनियल हॅल्बर्ट यांनी १९७८ मध्ये बर्कली येथे लिहिलेला ‘मोर’ हा आधीचा पेजर मुख्यतः पुढेच सरकत असे. मागेही जाता यावे म्हणून मार्क न्यूडलमन यांनी १९८३ ते १९८५ या काळात ‘लेस’ रचला. संपूर्ण फाइल वाचून होण्याची वाट न पाहता तो पहिला पडदा दाखवतो, त्यामुळे प्रचंड लॉग फाइलही चटकन उघडते. हाच त्याचा सर्वांत मोलाचा गुण. स्पेसबारने पुढे, ‘बी’ने मागे जाता येते, तिरकी रेघ देऊन शब्द शोधता येतो. कॅपिटल ‘एफ’ दाबल्यास फाइलीत नव्याने पडणाऱ्या ओळी दिसत राहतात. बहुतेक लिनक्स वितरणांत ‘मॅन’ या आज्ञेची मदतपानेही यातच उघडतात, म्हणून ‘क्यू’ने बाहेर पडता येते हे नवख्याने आधी शिकावे.