टाळकरी : वारकरी भजनातला समूहगायक

कीर्तनकाराच्या मागे उभे राहून, टाळाच्या ठेक्यावर अभंग उचलून धरणारा तो टाळकरी. कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नाव सहसा नसते, पण त्याच्याशिवाय कीर्तन उभे राहत नाही.

बालपण

मूल प्रथम गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात रांगेच्या शेवटी उभे राहते. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन असे सात दिवस कानावर पडले की अर्धे पाठांतर आपोआप होते. टाळ हाती असल्याने आठ मात्रांचा भजनी ठेका अंगात भिनतो. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चारच. ओळीअखेर श्वासाला जागा मिळते.

आवाज फुटतो तेव्हा

जर्मनीत लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमधील मुलांचे गायकवृंद 1212 पासून चालू आहे. 1723 ते 1750 या काळात बाख तेथे संगीतप्रमुख होते. तेथे एकाच वेळी वेगवेगळ्या पट्टीच्या ओळी गायल्या जातात. आवाज फुटला की मुलाला उंच स्वरांची ओळ सोडावी लागते आणि काही काळाने तो खालच्या स्वरांच्या ओळीत येतो. वारकरी भजनात सगळे एकच चाल म्हणतात. आवाज फुटलेला मुलगा काही दिवस हळू गातो, पण टाळ वाजवतच राहतो. त्याला रांग सोडावी लागत नाही.

आळंदीचे शिक्षण

विष्णुबुवा जोग महाराज (1867–1920) यांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तेथील अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या आणि तुकोबांच्या गाथेतील साडेचार हजारांच्या आसपास अभंग हा पाठांतराचा मुख्य साठा. शिकून काही जण कीर्तनकार होतात, काही मृदंग धरतात, तर काही चाल सांगणारे गायनाचार्य होतात. अनेक जण आयुष्यभर टाळकरीच राहतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

रांगेतले काम

कीर्तन साधारण दोन तास चालते. बोलता बोलता कीर्तनकार एखाद्या अभंगाचा पहिला शब्द उच्चारतो आणि मागची रांग तो तत्काळ उचलते. कोणता अभंग येईल हे आधी ठरलेले नसते. म्हणून टाळकऱ्याला गळ्याइतकेच कान आणि स्मरणशक्ती लागते. शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने गाणारा येथे चांगला मानला जात नाही.

समाज आरती

या समूहाची ताकद आषाढी वारीत दिसते. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामावर पोचल्यावर समाज आरती होते. चोपदाराने चोप उंच करताच शेकडो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तेवढ्या दिंडीचे टाळ वाजत राहतात. चोपदार तेथे जाऊन म्हणणे ऐकून घेतो, मगच आरती होते. एरवी ज्याचे नाव कोणी घेत नाही, त्याच्या टाळासाठी सारा सोहळा थांबतो.

आपल्या घरी

मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आपल्यातील अनेक घरांत आजोबांचे टाळ अजून असतील. तारनाक्याला विद्यापीठ, रेल्वे किंवा संशोधन संस्थांतील नोकऱ्यांमुळे स्थिरावलेल्या कुटुंबांतली मुले आज इंग्रजी आणि तेलुगूत वाढतात. त्यांतल्या अनेकांना देवनागरी वाचायला वेळ लागतो, पण हरिपाठ कानाने येतो. पुस्तक हातात देण्याआधी मुलांना रांगेच्या शेवटी उभे करावे आणि टाळ द्यावेत. पहिल्या दिवशी ठेका चुकेल. शेजारी उभा असलेला सांभाळून घेतो. रांग असते ती त्यासाठीच.