कुर्दांचे डोंगर आणि आमच्या पलटणी

नगरला परमुलखातले कैदी नवे नाहीत. बोअर युद्धातले कैदी येथे आणले गेले. पहिल्या महायुद्धात जर्मनांची छावणी येथे होती. १९४२ पासून पंडित नेहरू, मौलाना आझाद प्रभृती नेते आपल्या किल्ल्यात होते. परके सरकार माणसाला उचलून दूर कसे नेऊन ठेवते, हे नगरकरांस सांगावे लागत नाही. १९१९ साली शेख महमूद बरझंजी नावाचा एक कुर्द पुढारी असाच हिंदुस्थानात हद्दपार झाला. त्याच्या पराभवाशी आपला संबंध येतो, म्हणून ही हकीकत आम्ही येथे मांडीत आहो.

कुर्द लोक तुर्कस्थान, इराण, इराक व सीरिया या चार देशांच्या डोंगराळ सरहद्दीवर राहतात. संख्या अडीच-तीन कोटींच्या घरात, भाषा स्वतंत्र, राज्य मात्र नाही.

१९१४ साली इंग्रजांनी इराणच्या तेलाच्या रक्षणासाठी बसऱ्याकडे फौज पाठविली. तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला कूत येथे वेढा पडला. घोडे-खेचरांचे मांस खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शस्त्रे खाली ठेवली. कैद्यांना उन्हातून उत्तरेकडे हाकण्यात आले. पुष्कळ हिंदी शिपाई रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. हजारो कैदी परत आलेच नाहीत.

युद्ध संपले. इंग्रजांनी १९१८ साली शेख महमूदला सुलेमानियाचा कारभारी नेमले. मे १९१९ मध्ये त्याने स्वतंत्र कुर्दिस्तानचा झेंडा उभारला. तेव्हा १८ व्या डिव्हिजनचे सेनापती फ्रेझर यांच्या फौजेने जूनमध्ये बाझियान खिंडीत त्याचा मोड केला. महायुद्धात याच डिव्हिजनमध्ये ११६ वी मराठा पलटण होती. इकडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली होती. स्वतः गुलाम असलेल्यांच्या हातून दुसऱ्याचे स्वातंत्र्य चिरडून घ्यावे, ही साम्राज्याची रीत. त्यात शिपायाचा दोष किती? पोटासाठी भरती झालेल्या शेतकऱ्याच्या पोराला खिंडीपलीकडे कोण आहे, हे कोणी सांगितले नव्हते.

१९२० च्या सेव्हर्सच्या तहात कुर्दांना राज्याची आशा दाखविली. १९२३ च्या लोझानच्या तहात त्यांचे नावही उरले नाही. १९२५ साली राष्ट्रसंघाने मोसूल प्रांत इराकला दिला. १९२७ साली किर्कुकला तेलाचा मोठा झरा लागला. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. कामगाराच्या गैरहजेरीत झालेला करार त्याच्याच मुळावर येतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. कुर्दांच्या बाबतीत एका साऱ्या लोकसमूहाचा करार असा परस्पर झाला.

पुढची यादी वाचताना जीभ अडखळते. १९४६ साली इराणात महाबादचे प्रजासत्ताक जेमतेम वर्षभर टिकले. त्याचे अध्यक्ष काझी महंमद १९४७ साली फासावर गेले. १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या विमानांनी हलब्जावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसे, बायका-मुलांसह, मेली. १९९१ साली लाखो लोक बर्फातून सरहद्दीकडे पळाले. तुर्कस्थानात १९८४ पासून चाललेल्या लढ्यात चाळीस हजारांवर माणसे गेली. तेथील सशस्त्र कुर्द पक्षाने २०२५ साली विसर्जन जाहीर केले.

कुर्द निर्दोष होते असेही नव्हे. १९१५ च्या आर्मेनियनांच्या कत्तलीत काही कुर्द टोळ्यांचा हात होता. १९९४ नंतर इराकातले त्यांचेच दोन पक्ष आपसांत लढले. फुटीचा फायदा मालक घेतो, हे संघटनेत नव्याने येणाऱ्याला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो. तेथे तो शेजारच्या सरकारांनी घेतला.

आता पुन्हा रास-अल-ऐन. ज्या गावी आमचे कैदी रुळांच्या कामावर खपले, तेथे ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्की फौज शिरली. त्या मोहिमेत सरहद्दीवरची दोन लाखांच्या आसपास माणसे घरे सोडून निघाली. त्यांत कुर्द होते, अरब होते, ख्रिस्ती होते.

आपल्या जिल्ह्यातून आजही घरोघरची मुले फौजेत जातात. कूतच्या शिपायांचे स्मरण आपण जरूर करावे. परंतु ते करताना बाझियान खिंडीपलीकडच्या माणसांनाही त्यात जागा द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.