९३,६३,५८४ : एका संख्येचा इतिहास

वरील संख्या वहीत उतरवून घ्या. वरकरणी तिच्यात विशेष काहीच दिसत नाही. परंतु ती स्वतः वगळून तिला निःशेष भागणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज केली, तर ती ९४,३७,०५६ भरते. आणि या दुसऱ्या संख्येच्या विभाजकांची तशीच बेरीज केली, तर पुन्हा ९३,६३,५८४! अशा जोडीस मित्रसंख्या म्हणतात.

सर्वांत लहान जोडी २२० व २८४. २८४ चे विभाजक १, २, ४, ७१ व १४२, बेरीज २२०. २२० चे विभाजक आपण घरी काढून पाहावेत.

पुढची जोडी चाचपडत शोधू गेल्यास आयुष्य सरेल. यासाठीचा नियम बगदाद येथे साबित इब्न कुर्रा (निधन इ. स. ९०१) यांनी सिद्ध केला. त्यांनी ग्रंथ अरबीत लिहिले, पण ते हर्रानचे साबियन होते, मुसलमान नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या सभांतून त्यांचे नाव सर्रास मुस्लिम शास्त्रज्ञांत घेतले जाते.

नियम असा. ७ हा अंक घ्या. दोनचा सातवा घात १२८, सहावा ६४. आता ६४ × ३ − १ = १९१; १२८ × ३ − १ = ३८३; आणि १२८ × ६४ × ९ − १ = ७३,७२७. या तिन्ही मूळ संख्या असतील तरच १२८ × १९१ × ३८३ आणि १२८ × ७३,७२७ ही मित्रांची जोडी. खरी मेहनत ७३,७२७ साठी लागते. २७१ पर्यंतच्या ५८ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. आमच्या नववीच्या वर्गाने हे भागाकार वाटून घेतले, तरी दोन तासिका गेल्या! एकानेही भाग गेला नाही. ७ ऐवजी ३ घेतल्यास मात्र २८७ येते, तिला ७ ने भाग जातो आणि सारेच फसते.

४ घेतल्यास १७,२९६ व १८,४१६ मिळतात. ही जोडी इराणचे कमालुद्दीन अल्-फारिसी यांनी चौदाव्या शतकाच्या सुमारास दिली. फ्रान्समध्ये फेर्मा यांनी ती १६३६ मध्ये दिली. आपली ९३ लाखांची जोडी सतराव्या शतकात इराणच्याच मुहम्मद बाकिर यझ्दी यांनी काढली. युरोपात ती १६३८ मध्ये देकार्त यांनी पत्राने कळविली आणि पुस्तकांतून त्यांचेच नाव राहिले. देकार्त यांनी ती कोणाची उचलली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु यझ्दींचे नाव आमच्या बी. एड्. च्या वर्गातही कोणी घेतले नव्हते, याची मला खंत वाटते.

२, ४ आणि ७ यांखेरीज या नियमात बसणारा अंक अजून कोणासही सापडलेला नाही. नियमाबाहेर मात्र जोड्या पुष्कळ आहेत. ऑयलरसारख्या गणितज्ञाच्याही नजरेतून निसटलेली १,१८४ व १,२१० ही छोटी जोडी १८६६ मध्ये पागानिनी नावाच्या एका इटालियन मुलाने शोधून काढली. त्याचे वय तेव्हा सोळा वर्षांचे होते.